सर्पदंशानंतर स्नायूंची पुनर्निर्मिती : जनुकांचे नियमन आणि त्याच्या मर्यादा

प्रस्तावना

सुगीच्या पहिल्या दिवशी उन्हात ज्वारी काढणाऱ्या माणसाचे अंग दुसऱ्या दिवशी सकाळी आंबलेले असते. मांड्या भरून येतात, दंड जड होतात. चार-पाच दिवसांत हा त्रास आपोआप नाहीसा होतो आणि तेच काम पुन्हा केले, तर पूर्वीइतका होत नाही. अंग आंबणे या आपल्या शब्दाला शास्त्राचा आधार आहे, असे एके काळी वाटत असे. कारण श्रमाने स्नायूत लॅक्टिक आम्ल साचते व त्यामुळे तो दुखतो, अशी समजूत सर्वत्र रूढ होती. प्रत्यक्षात हे आम्ल श्रम थांबल्यानंतर तास-दीड तासात निघून जाते. दुसऱ्या दिवशीचे दुखणे हे स्नायुतंतूंना झालेल्या अतिसूक्ष्म इजांचे आणि त्या भरून काढण्यासाठी सुरू झालेल्या प्रक्रियेचे दुखणे होय.

त्याच शेतात त्याच माणसाला घोणस चावली आणि उपचाराला उशीर झाला, तर चित्र वेगळे दिसते. जीव वाचला तरी पोटरीचा काही भाग काळा पडून गळून जाऊ शकतो, त्या जागी कडक व्रण राहतो, पाऊल आखडते. येथेही पेशी त्याच आहेत आणि त्यांच्यातील जनुकेही तीच आहेत. मग एका प्रसंगी दुरुस्ती तडीस जाते आणि दुसऱ्या प्रसंगी अर्ध्यावर का थांबते? या प्रश्नाच्या अनुषंगाने स्नायूंच्या पुनर्निर्मितीतील जनुक-नियमनाचे विवेचन करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा प्रश्न आपल्या भागासाठी केवळ पुस्तकी नाही. २००० ते २०१९ या २० वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे दरवर्षी सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत अभ्यासात मांडण्यात आला. यांतील बहुसंख्य मृत्यू ग्रामीण भागातील असून पावसाळ्यात त्यांचे प्रमाण वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार सर्पदंशाने जगात जेवढी माणसे मरतात, त्याच्या सुमारे तिप्पट माणसांना अवयव गमवावा लागतो किंवा कायमचे अपंगत्व येते. बार्शी-सोलापूर मार्गावरील वैराग आणि भोवतालच्या गावांत ज्वारी, तूर, सोयाबीन, ऊस यांच्या शेतात अनवाणी वा साध्या चपलेवर वावरणारा, रात्रीच्या विजेच्या पाळीला पाणी धरायला जाणारा शेतकरी या दुसऱ्या आकड्यात मोडण्याची शक्यता अधिक असते. मृत्यूचा निदान आकडा तरी निघतो. आखडलेल्या हाताचा आणि लंगडत्या पायाचा निघणे कठीण.

स्नायुतंतू आणि उपग्रह पेशी

मानवी शरीराच्या वजनापैकी सुमारे ४० टक्के वजन हाडांना जोडलेल्या, आपल्या इच्छेनुसार हलणाऱ्या स्नायूंचे असते. या स्नायूचा घटक म्हणजे स्नायुतंतू. तो एका पेशीचा नसून असंख्य पेशी एकमेकींत विलीन होऊन तयार झालेला असतो. म्हणूनच एकेका तंतूत शेकडो केंद्रके आढळतात. ही केंद्रके पुन्हा विभागू शकत नाहीत. त्वचेची किंवा आतड्याच्या अस्तराची पेशी जशी विभागून आपली जागा भरते, तशी सोय पूर्ण वाढलेल्या स्नायुतंतूला नाही. मग तो दुरुस्त कसा होतो, हे कोडे दीर्घकाळ सुटले नव्हते.

१९६१ साली अमेरिकेतील अलेक्झांडर मॉरो यांनी बेडकाच्या स्नायूचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली निरीक्षण करताना तंतूच्या कडेला चिकटून बसलेल्या लहान, एककेंद्रकी पेशी पाहिल्या. ग्रहाभोवती उपग्रह असावा तशा त्या दिसल्या, म्हणून त्यांना उपग्रह पेशी हे नाव मिळाले. त्यांची जागा लक्षात ठेवण्यासारखी आहे. प्रत्येक स्नायुतंतूभोवती त्याच्या स्वतःच्या पटलाबाहेर आणखी एक पातळ आवरण असते. कोलॅजेन आणि लॅमिनिन या प्रथिनांनी विणलेल्या या आवरणाला आधारपटल म्हणतात. उपग्रह पेशी तंतू आणि आधारपटल यांच्या मधल्या फटीत राहते. उशी व अभ्रा यांच्या मध्ये एखादे बी अडकून राहावे, तशी. या एका गोष्टीवर पुढील सर्व विवेचन अवलंबून आहे.

या पेशींची ओळख पटवणारे प्रथिन म्हणजे पॅक्स-७. ते घडवणारे जनुक नसेल तर उपग्रह पेशी टिकत नाहीत, हे २००० साली कॅनडातील मायकेल रुडनिकी यांच्या गटाने उंदरांवरील प्रयोगांत दाखवले. पुढे २०११ साली निरनिराळ्या प्रयोगशाळांनी प्रौढ उंदरांच्या स्नायूतून पॅक्स-७ धारण करणाऱ्या पेशी हेतुपुरस्सर नष्ट करून पाहिल्या. त्यानंतर स्नायूला इजा केली असता नवा तंतू जवळजवळ तयारच झाला नाही. त्या जागी चरबी आणि तंतुमय ऊती भरली. स्नायूच्या दुरुस्तीला या पेशींवाचून पर्याय नाही, ही गोष्ट तेव्हा निर्विवाद ठरली.

विश्रांतीचे नियमन

निरोगी प्रौढ स्नायूत उपग्रह पेशी विभागत नाहीत. त्या महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे स्तब्ध असतात. या स्तब्धतेला काही काळ निष्क्रियता मानले गेले. पेशीला काम नाही म्हणून ती झोपली, एवढाच त्याचा अर्थ लावला जाई. आता असे दिसते की, ही स्तब्धता जनुकांनी प्रयत्नपूर्वक टिकवून धरलेली अवस्था आहे. शेजारच्या तंतूकडून येणारा नॉच नावाचा संदेश पेशीत सतत पोहोचत असतो आणि त्यामुळे स्नायू घडवणारी जनुके दबलेली राहतात. हा संदेश तोडला, तर पेशी इजा नसतानाही जागी होते, घाईने स्नायूत रूपांतरित होते आणि साठा संपतो.

या क्षेत्रातील महत्त्वाचे भारतीय काम हैदराबादच्या सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायोलॉजी या संस्थेत झाले आहे. (सोलापूरकरांना हैदराबाद हे मुंबईपेक्षा जवळ, हे येथे सहज नमूद करावेसे वाटते.) तेथील डॉ. ज्योत्स्ना धवन यांच्या गटाने स्नायूच्या पूर्वपेशी प्रयोगशाळेत स्तब्ध अवस्थेत नेऊन त्या अवस्थेत कोणती जनुके चालू राहतात, याचा दीर्घकाळ अभ्यास केला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधानुसार पीआरडीएम-२ नावाचे प्रथिन स्तब्ध पेशीत विशेष प्रमाणात असते आणि ते दोन कामे एकाच वेळी करते. एकीकडे ते स्नायूत रूपांतर घडवणाऱ्या मायोजेनिन या जनुकाला रोखते; दुसरीकडे पेशीविभाजनाला लागणारे सायक्लिन-ए हे जनुक बंद ठेवते, परंतु कायमचे बंद होऊ देत नाही. दाराला कडी लावावी पण कुलूप घालू नये, तसा हा प्रकार आहे.

कुलूप न घालता कडी लावणे म्हणजे रासायनिक भाषेत काय, हे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. मानवी पेशीत प्रथिने घडवणारी सुमारे २० हजार जनुके आहेत आणि शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत ती सर्व असतात. यकृताची पेशी आणि स्नायूची पेशी यांत फरक पडतो तो कोणती जनुके वाचली जातात यामुळे. डीएनएचा धागा हिस्टोन या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. रिळे घट्ट असतील तर तेथील जनुकाचे प्रतिलेखन होत नाही. सैल असतील तर होते. रिळांवर निरनिराळ्या रासायनिक खुणा असतात. काही खुणा उघडण्याचा निर्देश करतात, काही मिटण्याचा. स्तब्ध उपग्रह पेशीत काही मोक्याच्या जनुकांवर या दोन्ही प्रकारच्या खुणा एकत्र आढळतात. जनुक मिटलेले असते, पण इशारा मिळताच काही तासांत उघडू शकते. त्याहून पुढची तयारी म्हणजे मायएफ-५ या जनुकाचा संदेशवाहक आरएनए स्तब्ध पेशीत आधीच तयार असतो, फक्त त्यापासून प्रथिन बनू दिले जात नाही. सूक्ष्म-आरएनएच्या एका छोट्या तुकड्याने त्याचे भाषांतरण रोखलेले असते. २०१२ साली हे उघडकीस आले.

मायोडी आणि त्याची साखळी

इजा होते तेव्हा आधारपटलात साठवलेले वाढीचे घटक, विशेषतः हिपॅटोसाइट ग्रोथ फॅक्टर, मोकळे होतात आणि उपग्रह पेशीला जागे करतात. ज्या आवरणाच्या आड पेशी बसलेली असते त्यातच तिला उठवणारा निरोप ठेवलेला असतो, ही व्यवस्था मोठी सूचक आहे. जाग्या झालेल्या पेशीत काही तासांतच मायोडी हे प्रथिन दिसू लागते.

मायोडीचा शोध हा जीवशास्त्रातील एक विलक्षण प्रसंग होय. १९८७ साली अमेरिकेतील सिएटल येथे रॉबर्ट डेव्हिस, हॅरोल्ड वाइनट्रॉब आणि अँड्र्यू लासर यांनी उंदराच्या संयोजी ऊतीच्या पेशींत हे एकच जनुक घातले आणि त्या पेशी स्नायूच्या पेशी बनल्या. एका जनुकाने पेशीचे कुळच बदलावे, ही कल्पना त्यापूर्वी फारशी कोणी धरली नव्हती. मायोडी हे इतर जनुकांचे वाचन घडवणारे प्रथिन आहे. ते दुसऱ्या एका सहकारी प्रथिनाशी जोडी करून डीएनएवरील ठरावीक सहा अक्षरी जागी बसते, रिळे सैल करणाऱ्या यंत्रणेला तेथे बोलावते आणि स्नायूची शेकडो जनुके वाचण्यायोग्य करते.

तथापि मायोडी आले म्हणजे लगेच स्नायू घडत नाही आणि तसे होणे इष्टही नाही. आधी पेशींची संख्या वाढली पाहिजे. या काळात पेशीत पॅक्स-७ आणि मायोडी दोन्ही असतात. आयडी नावाची प्रथिने मायोडीचा सहकारी अडवून धरतात आणि पेशी विभागत राहते. पुरेशा विभाजनानंतर पॅक्स-७ उतरते, मायोजेनिन चढते, विभाजन थांबते. मग मायोमेकर हे प्रथिन पेशींच्या पटलांना एकमेकांत मिसळण्यास समर्थ करते. २०१३ साली सापडलेल्या या प्रथिनाविना पूर्वपेशी शेजारी-शेजारी राहतात, पण त्यांचा तंतू होत नाही. नव्या तंतूत आकुंचनाचे जे मायोसिन आधी तयार होते ते भ्रूणावस्थेतील प्रकारचे असते. प्रौढ प्रकार नंतर येतो. दुरुस्तीच्या वेळी स्नायू आपले गर्भातले दिवस पुन्हा जगतो, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. काही पेशी मात्र या ओघात न जाता मायोडी सोडून देतात आणि पॅक्स-७ राखून पुन्हा आपल्या फटीत स्तब्ध होतात. पुढच्या इजेसाठीचे बियाणे असे राखले जाते.

उंदराच्या स्नायूत हा सारा क्रम साधारण तीन ते चार आठवड्यांत पुरा होतो. पहिल्या दोन दिवसांत जुने तंतू मोडतात, तिसऱ्या-चौथ्या दिवशी पूर्वपेशींची संख्या शिखरावर असते आणि पाचव्या ते सातव्या दिवसापर्यंत मध्यभागी केंद्रक असलेले नवे, बारीक तंतू दिसू लागतात.

सुजेचा वाटा

इजेनंतर सूज येते आणि ती शत्रू वाटते. जनुकांच्या बाजूने पाहिले असता ती नियमनाचाच भाग आहे. पहिल्या काही तासांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी येतात. त्यांच्या मागोमाग महाभक्षक पेशी येतात. महाभक्षक पेशी आधी दाह वाढवणारे पदार्थ सोडतात, मेलेला तंतू खाऊन जागा स्वच्छ करतात आणि नंतर स्वतःचे रूप पालटून दाह शमवणारे पदार्थ सोडतात. पहिल्या टप्प्यातील टीएनएफ हा पदार्थ पूर्वपेशीतील पॅक्स-७ जनुकापर्यंत आपला निरोप पोहोचवतो. त्या जनुकाच्या रिळांवर मिटण्याच्या खुणा केल्या जातात व पेशीला स्नायू बनण्याची वाट मोकळी होते. इटलीतील संशोधकांनी २०१० साली ही साखळी उलगडून दाखवली. दाह व रिळांवरील खुणा यांचा इतका थेट संबंध असावा, हे अनेकांना अनपेक्षित होते. म्हणूनच दाह वेळेवर येणे आणि वेळेवर जाणे, दोन्हीला महत्त्व आहे. तो रेंगाळला तर संयोजी ऊतीच्या पूर्वपेशी वाढत जातात व स्नायूच्या जागी व्रणाची दोरी तयार होते.

एकच विष, दोन परिणाम

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. वर सांगितलेला तीन-चार आठवड्यांचा क्रम शास्त्रज्ञांनी ज्या साधनाने पाहिला, ते साधन म्हणजे बहुतांशी सापाचे विषच आहे. प्रयोगशाळेत उंदराच्या स्नायूला ठरावीक व एकसारखी इजा करण्यासाठी नागवंशी सापांच्या विषातून वेगळे केलेले कार्डिओटॉक्सिन अनेक दशके वापरले जात आहे. ऑस्ट्रेलियातील टायगर सापाचे नोटेक्सिनही त्याच कामी येते. ही विषद्रव्ये स्नायुतंतूच्या पटलाला भोके पाडतात, तंतू मरतो. पण आधारपटल बऱ्याच अंशी शाबूत राहते, त्याच्या आत उपग्रह पेशी जगतात, रक्तपुरवठा सावरतो आणि स्नायू पूर्ववत होतो.

म्हणजे ज्या विषाने माणसाचा हात जातो असे आपण समजतो, त्याच जातीच्या विषातील एक घटक पुनर्निर्मितीचा आदर्श नमुना म्हणून वापरला जातो. हा विरोधाभास सोडवण्याचे श्रेय मुख्यतः कोस्टा रिकातील क्लोडोमिरो पिकादो संस्थेतील होसे मारिया गुतिएरेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जाते. त्यांनी तेथील एका विषारी सापाच्या विषाचे घटक वेगळे करून तपासले. केवळ स्नायू मारणारे घटक दिले तर स्नायू पुन्हा चांगला वाढला. संपूर्ण विष किंवा रक्तस्राव घडवणारे धातू-प्रथिनेज दिले, तर पुनर्निर्मिती अपुरी राहिली आणि व्रण झाला. जस्ताच्या अणूवर चालणारे हे विकर केशवाहिन्यांच्या आधारपटलातील कोलॅजेन तोडते. वाहिन्या फुटतात, प्राणवायू थांबतो आणि तंतूभोवतीचे आवरणही विसकटते. २०१९ साली इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी अमेरिकी रॅटलस्नेकच्या धातू-प्रथिनेजाची आणि कार्डिओटॉक्सिनची उंदराच्या पोटरीपुढील स्नायूत शेजारी-शेजारी तुलना केली. निष्कर्ष तोच निघाला.

आपल्या भागात उसाच्या खोडव्याचा दाखला यासाठी पुरेसा आहे. ऊस तोडला, पाचट जळले, तरी बुडखा आणि माती जागेवर असेल तर नवे फुटवे येतात. पुराने मातीच खरवडून नेली, तर बुडख्यात फुटण्याची कितीही ताकद असली तरी ती उपयोगी पडत नाही. २०१६ साली जिवंत उंदराच्या स्नायूचे सूक्ष्मदर्शकाखाली चित्रण केले असता असे दिसले की, मेलेल्या तंतूचे रिकामे आवरण म्यानासारखे शिल्लक राहते आणि पूर्वपेशी त्या म्यानाच्या लांबीच्या दिशेनेच सरकतात व विभागतात. म्यान हे दिशा दाखवणारा साचा आहे. साचा नसेल तर पॅक्स-७, मायोडी, मायोजेनिन ही साखळी सुरू होऊनही तंतू आडवेतिडवे, तोकडे होतात आणि ताण पेलू शकत नाहीत.

भारतातील घोणस आणि फुरसे या सापांच्या विषात असे धातू-प्रथिनेज असतात. फुरशाच्या विषात तर त्यांचे प्रमाण विशेष. नागाच्या विषात स्थानिक ऊती मारणारी द्रव्ये मुबलक असतात आणि दंशाभोवतीची त्वचा व खालचे मांस झडते. मण्यार मात्र जवळजवळ सूजही न आणता चेतासंस्थेवर घाला घालते. चारही साप विषारी असले तरी स्नायूवरचे परिणाम निरनिराळे आहेत, ही गोष्ट ग्रामीण भागात क्वचितच समजावून सांगितली जाते.

पहिल्या काही तासांचे महत्त्व

वरील विवेचनाचा व्यवहाराशी संबंध येथे येतो. दंशाच्या वर दोरी आवळणे, ब्लेडने चिरा देणे, तोंडाने रक्त ओढणे, कडुलिंबाचा पाला चघळायला देऊन विष चढल्याची परीक्षा पाहणे, मांत्रिकाकडे नेणे हे प्रकार अजूनही घडतात. यांपैकी पाल्याने वेळ जातो; पण दोरी व चिरा यांनी स्नायूचे थेट नुकसान होते. घट्ट दोरीने रक्तपुरवठा बंद पडला, तर काही तासांत स्नायू मरू लागतो आणि त्याबरोबर केशवाहिन्या व उपग्रह पेशीही मरतात. शिवाय विष एका जागी कोंडले जाते. विषाने जे आवरण कदाचित राखले असते, ते दोरी राखत नाही. घोणस किंवा फुरसे चावल्यास रक्त गोठण्याची क्रिया बिघडलेली असते; अशा वेळी दिलेली चीर वाहतच राहते व तीतून जंतुसंसर्ग शिरतो. संसर्गाने दाह रेंगाळतो. रेंगाळलेल्या दाहाचे परिणाम वर आलेच आहेत.

म्हणूनच प्रमाणित उपचारपद्धती साधी आहे: रुग्णाला धीर देणे, अंगठ्या-कडी-जोडवी काढणे, दंश झालेला अवयव फळीच्या आधाराने हालणार नाही असा ठेवणे आणि विनाविलंब प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात पोहोचणे. तेथे स्वच्छ काचेच्या नळीत घेतलेले रक्त २० मिनिटांत गोठते की नाही, हे पाहिले जाते. ही परीक्षा अल्पखर्चाची आहे आणि लहान रुग्णालयातही करता येते. आपल्या परिसरातील गंभीर रुग्ण बार्शी किंवा सोलापूरच्या छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयाकडे पाठवला जातो. त्या प्रवासाआधी पहिली मात्रा मिळणे स्नायूच्या दृष्टीने फार मोलाचे ठरते.

प्रतिविष आणि त्याची मर्यादा

मुंबईच्या परळमधील हाफकिन संस्था १८९९ साली प्लेग संशोधन प्रयोगशाळा म्हणून सुरू झाली आणि पुढे सर्पविषावरील प्रतिविषाशी तिचे नाव कायमचे जोडले गेले. घोड्याला अल्प मात्रेत विष टोचून त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे शुद्ध करणे, हे त्याचे तत्त्व. भारतात मिळणारे बहुगुणी प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांविरुद्ध असते. ते रक्तातील फिरते विष निष्प्रभ करते आणि त्याने आजवर असंख्य जीव वाचले आहेत. परंतु प्रतिपिंडांचे रेणू आकाराने मोठे असतात. सुजलेल्या, रक्तपुरवठा तुटलेल्या स्नायूत ते सावकाश शिरतात. धातू-प्रथिनेज मात्र काही मिनिटांत कामाला लागलेले असते. मेलेली ऊती प्रतिविषाने परत येत नाही. म्हणून उशिरा दिलेले प्रतिविष जीव वाचवते, पोटरी वाचवत नाही.

आणखी एक अडचण आहे. प्रतिविष बनवण्यासाठी लागणारे विष मुख्यतः चेन्नईजवळील इरुळा जमातीच्या सहकारी संस्थेकडून येते. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशानुसार बदलते, हे बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील कार्तिक सुनगर यांच्या गटाने दाखवून दिले आहे. तमिळनाडूतील घोणशीच्या विषावर बेतलेले प्रतिविष दख्खनच्या पठारावरील घोणशीच्या धातू-प्रथिनेजांना किती आवरते, हा प्रश्न प्रदेशवार तपासला गेला पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

उरलेल्या व्रणाचा प्रश्न

महाराष्ट्रात गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंशाचा समावेश आहे. मृत्यूसाठी २ लाख रुपये आणि एक अवयव किंवा एक डोळा निकामी झाल्यास १ लाख रुपये, असे तिचे स्वरूप आहे. अवयव गेला की राहिला, अशा दोनच रकान्यांत विचार करणाऱ्या या व्यवस्थेत व्रणाने आखडलेली पोटरी कोठे बसवायची? पाय तर जागेवर आहे, पण नांगरामागे चालता येत नाही, उसाची मोळी उचलता येत नाही. जीवशास्त्राच्या दृष्टीने हे अपंगत्व खरे व कायमचे आहे. कारण जेथे आधारपटलच नाही तेथे उपग्रह पेशी परत येऊन वसत नाहीत. केंद्र शासनाने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाविषयीचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आणि त्याच वर्षी राज्यांना सर्पदंश हा नोंद करण्याजोगा आजार ठरवण्यास सांगितले. मृत्यूबरोबर अशा अपंगत्वाचीही नोंद झाली, तरच तिचा खरा उपयोग होईल.

संशोधनाच्या बाजूने दोन दिशांनी प्रयत्न चालू आहेत. पहिली दिशा विषाची विकरे रेणूने लहान अशा औषधांनी, शक्यतो तोंडावाटे, दंशानंतर लगेच रोखण्याची. फॉस्फोलायपेज या विकराविरुद्धच्या व्हॅरेस्प्लाडिब या औषधाची भारत व अमेरिकेत रुग्णांवर चाचणी झाली. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत मुख्य कसोटीवर ते उतरले नाही. मात्र दंशानंतर लवकर औषध मिळालेल्या रुग्णांत लाभाची चिन्हे दिसली. धातू-प्रथिनेजांसाठी मूळ कर्करोगाकरिता बनवलेले मारिमास्टॅट तपासले जात आहे. लहान रेणू सुजलेल्या ऊतीतही शिरतात, हा त्यांचा प्रतिविषावरील फायदा होय.

दुसरी दिशा साचा परत उभारण्याची. पेशीविरहित केलेले आधारद्रव्य किंवा लॅमिनिनयुक्त जेल जखमेत भरून त्यावर पूर्वपेशींना वाढवण्याचे प्रयोग प्राण्यांवर झाले आहेत. मोठी पोकळी भरून काढणे त्यांना अद्याप साधलेले नाही. पेशी जगतात, पण मज्जातंतूची जोडणी आणि रक्तवाहिन्यांचे जाळे मागे राहते. मज्जातंतू जोडला गेला नाही तर नवा तंतू भ्रूणावस्थेतील मायोसिनच्या पुढे नीट परिपक्व होत नाही आणि हळूहळू क्षीण होतो. तोवर रुग्णाच्या हाती राहते ती भौतिकोपचाराची साधी पद्धत. जखम भरू लागताच सांधा वेळेवर हलवणे, ताण हळूहळू वाढवणे. ताण हाही स्नायूच्या जनुकांना मिळणारा संदेशच आहे. तंतू त्या दिशेने रचले जातात आणि व्रण आखडण्याचे प्रमाण कमी होते. सर्पदंशाचा रुग्ण सहसा प्रतिविष संपले की घरी पाठवला जातो. त्याच्या कागदावर भौतिकोपचाराची एक ओळ असावी, यासाठी कोणत्याही नव्या शोधाची वाट पाहावी लागत नाही.